सिंगापूरहून मलेशियाची बस नेमकी कुठून पकडायची?

सिंगापुरात नोकरीला आलेल्या मराठी माणसाचं घर लागलं, पहिला पगार झाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: लाँग वीकेंडला बसनं क्वालालंपूरला जायचंय, स्टँड कुठे आहे? उत्तर असं की स्टँडच नाही. स्वारगेटसारखा एक तळ, सगळ्या गाड्या एका आवारात आणि चौकशीच्या खिडकीत वैतागून का होईना उत्तर देणारं कुणीतरी, असं इथे काही नाही. गाडी कुठून सोडायची हे ज्याची त्याची कंपनी ठरवते. कुणाची मॉलसमोरच्या फुटपाथवरून सुटते, कुणाची जुन्या ऑफिस इमारतीच्या खालून. शिवाय या जागा बदलत राहतात. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर निघालात तर बंद इमारतीसमोर बॅगा घेऊन उभं राहण्याची पाळी येते.

खालचं सगळं भारतीय पासपोर्ट आणि सिंगापूरचा पास, म्हणजे इथे नोकरीसाठी किंवा कुटुंबासोबत राहायचा परवाना असलेल्यांना धरून लिहिलंय, मग तो ईपी (एम्प्लॉयमेंट पास) असो, एस पास असो की डिपेंडंट पास. भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन जाणार असाल तर त्यांच्यापुरतं वेगळं जे आहे ते त्या त्या ठिकाणी सांगितलंय.

१. आधी ठरवा: थेट गाडी की जेबीला बदलून?

मलेशियाला बसनं जायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे सिंगापुरातच कोचमध्ये बसायचं आणि थेट क्वालालंपूर, मलाक्का, गेंटिंग किंवा पेनांगला उतरायचं. सिंगापूर ते केएल, म्हणजे क्वालालंपूर, अंतर साधारण ३५० किलोमीटर. सीमेवर गर्दी नसेल तर पाच ते सहा तास लागतात.

दुसरा मार्ग म्हणजे साध्या शहरी बसनं सीमा ओलांडून पलीकडच्या जोहोर बाहरूला, म्हणजे सगळे म्हणतात त्या जेबीला जायचं, तिथल्या लार्किन सेंट्रल या बस स्टँडवर पोचायचं आणि तिथून पुढची गाडी पकडायची. लार्किन मात्र खरोखर स्टँड आहे. ओळीनं तिकीट खिडक्या, आरडाओरडा, 'केएल? मलाक्का?' असं विचारत मागे लागणारे एजंट. एसटीत वाढलेल्या माणसाला अगदी घरच्यासारखं वाटतं.

लोक हा खटाटोप करतात तो पैशांसाठी. एका सिंगापूर डॉलरला तीनहून जास्त रिंगिट मिळतात आणि सीमेच्या दोन बाजूंना बरेचदा आकडा तोच, चलन तेवढं वेगळं असतं. वुडलँड्स ते जेबी सेंट्रल या पाच मिनिटांच्या रेल्वेचं तिकीट सिंगापूरकडून ५ डॉलर आणि जेबीकडून ५ रिंगिट आहे, यावरून काय ते समजा. बसचंही तसंच. सिंगापूरहून केएलच्या तिकिटाला गाडी आणि दिवस पाहून २५ ते ६० डॉलर मोजावे लागतात, लार्किनहून त्याच केएलचं भाडं रिंगिटमध्ये घेतात.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला, किंवा सोबत लहान मूल वा म्हातारी माणसं असतील तर मुकाट्यानं थेट गाडी घ्या. वाचलेले पैसे सामान उचलून जिने चढण्यात वसूल होतात. एकटेदुकटे, पाठीवर एक सॅक, वेळेचं बंधन नाही, अशांनी खुशाल लार्किन गाठावं.

२. कागदपत्रं

पासपोर्ट: किमान सहा महिने मुदत शिल्लक हवी. मोकळं पान आहे का तेही बघा. मलेशिया शिक्के मारतो.

मलेशियाचा व्हिसा: १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येतं. ही सवलत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत जाहीर झालेली आहे. त्यानंतर जाणार असाल तर आधी खात्री करून घ्या. व्हिसा लागत नसला तरी हॉटेलचं बुकिंग आणि परतीचं तिकीट मोबाइलवर काढून ठेवा, अधिकारी मागू शकतो.

एमडॅक: मलेशियाचा डिजिटल आगमन अर्ज. पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा. सिंगापूरच्या नागरिकांना तो लागत नाही, त्यामुळे ऑफिसातला सिंगापुरी सहकारी 'कसला फॉर्म? आम्ही कधी नाही भरला' असं म्हणेल. त्याचं खरं आहे, पण तुम्हाला तो भरावाच लागतो. बाळ असलं तरी त्याचा वेगळा. अर्ज फुकट आहे. शोधल्यावर वरच्या वर दिसणाऱ्या काही खासगी साइट्स त्याचे पैसे घेतात, म्हणून मलेशियाच्या इमिग्रेशन खात्याच्याच पानावर जा.

सिंगापूरचा पास: कार्ड असेल तर कार्ड, डिजिटल असेल तर सिंगपास या सरकारी ॲपमध्ये उघडून बघून ठेवा. नुकतेच आलेल्यांनी इथे विशेष सावध राहायचं. तुमच्याकडे अजून फक्त तत्त्वतः मंजुरीचं पत्र, म्हणजे आयपीए असेल तर ते एकदाच आत येण्यापुरतं असतं. पास प्रत्यक्ष इश्यू होण्याआधी केएलची मजा करायला गेलात तर परत आत येताना अडकाल. पास इश्यू झाल्याचं पत्र हातात आल्यावरच तिकीट काढा.

एसजी अरायव्हल कार्ड: परतताना लागणारा सिंगापूरचा अर्ज. पास असलेल्यांना जमिनीवरच्या नाक्यातून परतताना तो भरावा लागत नाही. व्हिजिटवर आलेल्या आईबाबांना मात्र लागतो, तोही आधीच्या तीन दिवसांत, आणि तोही फुकट. त्यांचा सिंगापूरचा व्हिसा मल्टिपल एंट्रीचा आहे ना, हे तिकीट काढायच्या आधी बघा. सिंगल एंट्री असेल तर ते मलेशियात जातील, परत यायची पंचाईत होईल. आणि मुक्काम वाढवण्यासाठी एक चक्कर मारून येऊ, हा विचार डोक्यातून काढून टाका. परत किती दिवस द्यायचे ते नाक्यावरचा अधिकारी ठरवतो.

याखेरीज शाल किंवा जॅकेट हवंच, कारण कोचमधला एसी बंद करता येत नाही. सुटे रिंगिट हवेत, पेन हवं, आणि मोबाइलचं रोमिंग चालू हवं. रिंगिट घ्यायला मुस्तफा या मोठ्या दुकानात जाता येतं. लिटल इंडियात किराण्याला जाताच, तेव्हाच उरकून टाका.

३. गाड्या सुटतात कुठून?

बीच रोड, गोल्डन माइल. जुन्या लोकांना विचारलंत तर एकच नाव सांगतील: गोल्डन माइल कॉम्प्लेक्स. पायऱ्यापायऱ्यांसारखी उतरती, १९७३ सालची ती इमारत म्हणजे कित्येक वर्षं मलेशिया आणि थायलंडच्या हाट याईला जाणाऱ्या बसेसचं माहेरघर होतं. खाली थाई दुकानं, त्यांच्या मधेमधे तिकीट काउंटर. २०२१ मध्ये ती वारसा म्हणून जतन करायचं ठरलं, २०२२ मध्ये ती विकली गेली आणि मे २०२३ पर्यंत सगळे दुकानदार बाहेर पडले. आता तिथून एकही बस सुटत नाही.

कॉम्प्लेक्स रिकामं झाल्यावर बऱ्याच कंपन्या शेजारच्या गोल्डन माइल टॉवरमध्ये गेल्या. पत्ता ६००१ बीच रोड. कॉम्प्लेक्सचा पत्ता ५००१ होता. फरक एका आकड्याचा, नावं जवळजवळ सारखी, त्यात समोरच्या बाजूला गोल्डन माइल फूड सेंटर. टॅक्सीवाल्याला नुसतं 'गोल्डन माइल' सांगितलंत तर तीनपैकी कुठेही उतराल. सर्वांत जवळचं स्टेशन एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, सर्कल लाइनवरचं निकोल हायवे. लॅव्हेंडर स्टेशनवरूनही चालत येता येतं, पण बॅगा ओढत या उकाड्यात ते नको वाटतं.

इथलं दृश्य काहीसं आपल्याकडच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स गाड्यांसारखं असतं. तळमजल्यावर लहान लहान काउंटर, काचेवर गावांची नावं चिकटवलेली, बाहेर ओळीनं बॅगा. फलाट नसतात. गाडी लागली की एक जण यादी हातात घेऊन गावाचं नाव पुकारतो, आणि ज्याला ऐकू गेलं तो निघतो. हेडफोन घालून कोपऱ्यात बसू नका.

क्वीन स्ट्रीट टर्मिनल. बुगिस आणि रोचोर स्टेशनांपासून चालत काही मिनिटांवर. याला बान सान टर्मिनल असंही म्हणतात. नाव टर्मिनल असलं तरी आवार लहानच. इथून मुख्यतः जेबीच्या गाड्या सुटतात: एसबीएस ट्रान्झिटची १७०, कॉजवे लिंकची सीडब्ल्यू २ आणि सिंगापूर-जोहोर एक्स्प्रेस. तिन्ही लार्किनपर्यंत जातात. भाडं काही डॉलरांतच असतं. लार्किनमार्गे जायचं असेल आणि तुम्ही शहराच्या मध्यभागी राहत असाल तर हीच जागा.

क्रांजी, वुडलँड्स. उत्तरेला किंवा पश्चिमेला राहणाऱ्यांनी क्वीन स्ट्रीटला उलटं जाण्यात अर्थ नाही. क्रांजी एमआरटीच्या बाहेरून १७०, १६० आणि पिवळी सीडब्ल्यू १ मिळते. कॉजवे लिंकची गाडी लांबूनच ओळखू येते, पुढच्या बाजूला हसरा चेहरा रंगवलेला असतो. वुडलँड्सहून ९५० आहे. यांतल्या १७० नंबरच्या सगळ्याच गाड्या लार्किनला जात नाहीत, आणि १६०, ९५० यांचा प्रवास जेबी शहरातच संपतो. तिथून लार्किन पाचेक किलोमीटरवर आहे. जेबीच्या चेकपॉइंटखालून स्थानिक बसेस मिळतात, नाहीतर ग्रॅब, म्हणजे ॲपवरची टॅक्सी, करा.

हार्बरफ्रंट. एअरोलाइन कंपनीच्या गाड्या वर्षानुवर्षं हार्बरफ्रंट सेंटरमधून सुटत होत्या. गाडी ऐसपैस, भाडं चढं, गाडीत खाणं द्यायचे. पण हार्बरफ्रंट सेंटर पाडून तिथे नवी इमारत बांधायचं २०२४ मध्येच जाहीर झालंय. त्यामुळे तिकिटावर छापलेला पत्ता हाच खरा, बाकी सगळी ऐकीव माहिती समजा.

बाकीच्या जागा. पाया लेबारजवळचं सिटी प्लाझा, कोवन, पश्चिमेला बून ले, अशा ठिकाणांहूनही काही कंपन्या प्रवासी घेतात. टॅम्पिनीस, सिमेई, बेडोककडे राहणाऱ्यांना पाया लेबार सोयीचं पडतं. मात्र यांतल्या काही ठिकाणी फक्त पिकअप असतो. गाडी मूळ दुसरीकडून सुटते, तुमच्यासाठी पाच मिनिटं थांबते आणि पुढे जाते. अशा ठिकाणी ना काउंटर, ना बाकडं.

४. तिकीट काढताना

रेडबस इथेही चालतं, ईझीबुकही आहे, आणि कंपन्यांच्या स्वतःच्या साइट्सही. गाडीचा फोटो आणि रेटिंग बघण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा चार गोष्टी नीट वाचा.

एक, बोर्डिंग पॉइंट. एकाच गाडीला दोन-तीन पर्याय असतात आणि आपोआप वरचा निवडला जातो. पत्त्याचा पोस्टल कोड नकाशात टाकून बघा. सिंगापुरात प्रत्येक इमारतीला स्वतःचा सहा आकडी कोड असतो, तो टाकला की चुकायचा प्रश्न येत नाही.

दोन, हजर राहायची वेळ. सुटायच्या वेळेआधी अर्धा तास लिहिलेलं असेल तर ते शोभेला नाही. काही कंपन्या ऑनलाइन तिकिटाच्या बदल्यात काउंटरवर कागदी तिकीट देतात आणि ते घेतल्याशिवाय गाडीत घेत नाहीत.

तीन, मार्ग. मलेशियात शिरायला दोन पूल आहेत. वुडलँड्सचा कॉजवे जुना, १९२४ चा, जेमतेम एक किलोमीटरचा. तुआसचा सेकंड लिंक १९९८ मध्ये सुरू झाला. केएलच्या बऱ्याच गाड्या तुआसमार्गे जातात. गर्दी तिथे सहसा कमी असते, पण गाडी चुकली तर पर्यायही कमी. याबद्दल पुढे येतंच.

चार, उतरायची जागा. केएल हे फार मोठं शहर आहे. नुसतं 'क्वालालंपूर' बघून तिकीट काढलं आणि हॉटेल दुसऱ्या टोकाला निघालं की वाचवलेले पैसे ग्रॅबमध्ये जातात.

नाव आणि पासपोर्ट नंबर पासपोर्टवर आहे तसाच टाका. आणि हे गृहीत धरा की प्रत्यक्ष येणारी गाडी तिकिटावरच्या नावाचीच असेल असं नाही. प्रवासी कमी असले की दोन कंपन्या मिळून एकच गाडी काढतात. वेगळ्या रंगाची, वेगळ्या नावाची गाडी समोर उभी राहिली तर 'ही आपली नाही' म्हणून सोडू नका. तिकीट दाखवून विचारा.

कधी जायचं? शुक्रवारी संध्याकाळी नको, शनिवारी सकाळीही नको. चायनीज न्यू इयर, हरी राया (ईद), दिवाळी, आणि मार्च, जून, सप्टेंबर व नोव्हेंबर-डिसेंबरच्या शाळांच्या सुट्ट्या या दिवसांत सिंगापूरचं इमिग्रेशन खातं, आयसीए, स्वतःच आधी सांगतं की नाक्यावर तासन् तास लागतील. अशा वेळी पाच तासांचा प्रवास नऊवर गेला तरी नवल वाटून घेऊ नका. जायचंच असेल तर गुरुवारी रात्री निघा, किंवा शनिवारी दुपार टळल्यावर. परत येताना रविवार संध्याकाळ टाळा. सोमवारी सकाळी दहाची मीटिंग ठेवून रविवारी रात्रीच्या गाडीनं निघणं हा जुगार आहे.

५. सीमा ओलांडताना

सगळा गोंधळ होतो तो इथेच, म्हणून जरा सावकाश वाचा.

दोन वेळा उतरायचं असतं. आधी सिंगापूरच्या नाक्यावर देशाबाहेर पडण्यासाठी, मग पूल ओलांडून मलेशियाच्या नाक्यावर आत शिरण्यासाठी. लक्षात ठेवायला सोपं: ज्या देशातून बाहेर पडता तिथे मोठं सामान गाडीच्या पोटात राहू द्या, ज्या देशात शिरता तिथे सगळं सामान काढून हातात घ्या. ते मशीनमधून तपासतात. ड्रायव्हर वेगळं काही म्हणाला तर त्याचं ऐका.

गाडीतून उतरण्याआधी, जागेवरून उठतानाच पासपोर्ट हातात घ्या. तीस-चाळीस माणसं एकदम उतरतात, तेवढ्यात दुसऱ्या दोन गाड्यांची माणसं येतात आणि सरकत्या जिन्यावर लोंढा लागतो. या लोंढ्यात पहिल्या दहात असणं आणि शेवटच्या दहात असणं यात वीस मिनिटांचा फरक पडतो. म्हणून तिकीट काढताना पुढच्या सीट घ्या. डबलडेकर असेल तर खालचा मजला. आणि आधी टॉयलेट, मग रांग, असं करू नका. रांगेतून सुटल्यावर जा, तेही गाडी दिसल्यावर.

उतरल्यावर सगळ्यात आधी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा. पांढरी, निळे पट्टे, असं लक्षात ठेवून काही उपयोग नाही. पलीकडे खाली आलात की तशा सहा उभ्या असतात, इंजिनं चालू, धूर भरलेला, वर बेचा, म्हणजे गाडी लागायच्या जागेचा, नंबर लटकतोय आणि ड्रायव्हर टपरीवाल्यासारखा हातवारे करत सांगतोय की पुढे व्हा, इथे थांबू नका. ज्याच्याकडे प्लेटचा फोटो आहे तो सरळ चालत जातो. बाकीचे प्रत्येक गाडीच्या दारात डोकं घालून 'केएल? केएल?' विचारत फिरतात. शक्य असेल तर ड्रायव्हरचा नंबरही घेऊन ठेवा. बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅपवर असतात.

सिंगापूरकडचं काम यंत्रावर पटकन होतं. पासपोर्ट ठेवा, चेहरा आणि डोळे दाखवा, बाहेर. मलेशियाकडे वेळ लागतो. अधिकारी एमडॅक त्याच्या पडद्यावर बघतो, पण मेलवर आलेली पावती उघडून ठेवलेली बरी. नेट तिथे नेमकं दगा देतं, म्हणून स्क्रीनशॉट. शिक्का मारलाय ना आणि तारीख बरोबर आहे ना, हे काउंटरवरून हलण्याआधी बघा.

थेट कोच तुमच्यासाठी थांबते, पण अमर्याद नाही. वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. गर्दीच्या दिवशी मागून पोलिस गाड्या पुढे ढकलत असतात, तेव्हा ड्रायव्हरची इच्छा असूनही त्याला थांबता येत नाही. जेबीच्या शहरी बसेस तर कुणासाठीच थांबत नाहीत. तुम्ही बाहेर आलात की त्याच नंबरच्या पुढच्या गाडीत चढायचं. म्हणून कागदी तिकीट फेकायचं नाही, आणि कार्डानं पैसे भरले असतील तर उतरताना टॅप, चढताना पुन्हा टॅप.

६. गाडी निघून गेलीच तर

घाबरून परत सिंगापूरच्या बाजूला जायचा प्रयत्न करू नका. त्या दिशेनं वाटच नसते.

आधी ड्रायव्हरला किंवा तिकिटावरच्या नंबरवर फोन करा. बरेचदा गाडी चेकपॉइंटच्या बाहेर थोडी पुढे थांबलेली असते, किंवा त्याच कंपनीच्या मागून येणाऱ्या गाडीत जागा करून देतात. फोन लागला नाही तर त्या बेवर वीस मिनिटं थांबून त्या कंपनीची दुसरी गाडी येते का बघा.

तरीही काही नाही जमलं, आणि तुम्ही वुडलँड्सकडून आला असाल, तर काळजीचं कारण नाही. जेबीच्या चेकपॉइंटवरून लार्किनला जा आणि केएलचं नवं तिकीट काढा. गाड्या दिवसभर असतात. गेलेल्या भाड्यावर पाणी सोडावं लागतं, इतकंच. तुआसकडून आला असाल तर तिथे बाहेर काही नसतं. शहरी बसनं आधी जेबीच्या बुकित इंदाह या उपनगरात यावं लागतं आणि मग लार्किन. म्हणूनच मोठं सामान पोटात असलं तरी पासपोर्ट, पैसे, औषधं आणि चार्जर अंगावरच्या पिशवीत ठेवा. सामान पुढे गेलं आणि माणूस मागे राहिला, असं होऊ शकतं.

७. वाटेत आणि पोचल्यावर

हायवेला लागल्यावर सगळं सोपं. रस्ता उत्तम, दोन्ही बाजूंना पामची झाडं, तासाभरानं ती बघूनही कंटाळा येतो. १ जुलै २०२५ पासून मलेशियात एक्स्प्रेस बसमध्ये सीट बेल्ट लावणं सक्तीचं आहे, न लावल्यास दंड प्रवाशाला होतो. बहुतेक गाड्यांत टॉयलेट नसतं. यॉन्ग पेंग, माचाप, पागोह अशा कुठेतरी पंधरा-वीस मिनिटं गाडी थांबते. काही थांब्यांवर टॉयलेटला सुटी नाणी लागतात, वर सुटे रिंगिट सांगितले ते याच कामासाठी. शाकाहारी असाल तर रोटी चनाय मिळते, पण सोबतच्या रश्शात मासा आहे का ते विचारा. मेथीचे पराठे घरून नेलेत तर कुणी हसत नाही, शेजारच्या सीटवरचा मागून घेतो.

केएलला बहुतेक गाड्या टीबीएसला येतात. पूर्ण नाव तर्मिनाल बर्सपादू सलातान, २०११ पासून दक्षिणेकडच्या गाड्यांचा हाच तळ. विमानतळासारखा चकचकीत आहे, पण शहराच्या दक्षिण टोकाला. घाबरायचं कारण नाही, कारण पुलानं जोडलेल्या बंदार तासिक सलातान स्टेशनवर एलआरटी, केटीएम कोम्युटर आणि विमानतळाची केएलआयए ट्रान्झिट अशा तिन्ही गाड्या मिळतात. केटीएमनं केएल सेंट्रल गाठता येतं आणि तीच लाइन थेट बाटू केव्ह्जपर्यंत जाते. तिथल्या गुहेतल्या देवळाच्या २७२ पायऱ्या चढायच्या असतील तर सकाळी लवकर जा, दुपारी गुडघे आणि ऊन दोन्ही आडवे येतात.

काही कंपन्या शहराच्या आत बर्जाया टाइम्स स्क्वेअरला सोडतात. मलाक्काच्या गाड्या मलाका सेंट्रलला थांबतात. तिथून जुन्या शहरातल्या लाल डच चौकाला १७ नंबरची बस जाते.

८. परतताना

टीबीएसला मोबाइलवरचं तिकीट दाखवून थेट गाडीत चढता येत नाही. काउंटरवर किंवा यंत्रावर त्याचा बोर्डिंग पास करून घ्यावा लागतो आणि मग गेटवर जायचं. रांग असते, म्हणून पाऊण तास आधी पोचा. तिकीट घेताना पासपोर्ट मागतात.

परतीची गाडी सिंगापुरात शेवटी कुठे सोडते हे महत्त्वाचं असलं तरी तिथपर्यंत बसून राहायची सक्ती नसते. उत्तरेला किंवा पश्चिमेला राहत असाल तर वुडलँड्सला इमिग्रेशन झाल्यावर ड्रायव्हरला सांगून तिथूनच ९५० किंवा १७० पकडा आणि क्रांजी वा वुडलँड्स एमआरटी गाठा. सामान तसंही हातातच असतं. मध्यरात्रीच्या सुमारास एमआरटी बंद होते. गाडी त्यानंतर पोचणार असेल तर टॅक्सीचे पैसे आधीच धरून चाला.

आता कस्टम्स. च्युइंग गमला सिंगापुरात १९९२ पासून बंदी आहे हे बहुतेकांना ठाऊक असतं. मलेशियातून येताना दारूवर ड्युटी फ्री सवलत नाही, सिगारेटवर कुठूनही येताना नाही, हे कमी लोकांना ठाऊक असतं. व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, तर नेऊच नका. चघळायची तंबाखू, गुटखा, खैनी यांनाही बंदी आहे. बाबांच्या शबनममध्ये पुडी असेल तर ती केएललाच संपवायला सांगा.

खरेदीचं गणितही बघून ठेवा. ४८ तासांहून कमी बाहेर राहिलेल्या पर्यटकाला १०० डॉलरपर्यंत आणि ४८ तास किंवा जास्त राहिलेल्याला ५०० डॉलरपर्यंतच्या नव्या मालावर जीएसटी माफ असतो. ही माफी आईबाबांना आहे, तुम्हाला नाही. ईपी, वर्क परमिट, स्टुडंट पास, डिपेंडंट पास, लाँग टर्म पास असलेल्यांना ती मुळातच मिळत नाही. नवा मोबाइल वा लॅपटॉप घेतला असेल तर सीमेवर पोचण्याआधीच कस्टम्सच्या ॲपवर नोंदवून ९ टक्के भरून टाका. लाल मार्गिकेवर जाऊन सांगितलं तरी चालतं. बिल जवळ ठेवा, खोका उघडलेला असला तरी ते विचारतात.